ब्रिज पिकअप बदलायचाय, जास्त आउटपुटचा घेऊ का?

खालची_ई

नमस्कार मंडळी. एचएसएस गिटार आहे माझी, म्हणजे तारांचा कंप पकडणारे तीन पिकअप: ब्रिजला हमबकर (दोन कॉइलचा) आणि मिडल-नेकला सिंगल कॉइल. नेक आणि मिडल मला मनापासून आवडतात, क्लीनला काय सुंदर वाजतात, त्यांना हात लावायचा नाहीये. गाडी अडलीये ती ब्रिजवर. क्लीनला चालून जातो पण गेन वाढवला, म्हणजे ॲम्पचा आवाज फाडला, की नुसती गिचमिड. पॉवर कॉर्ड ठीक येतात, पण पूर्ण कॉर्ड घेतला, समजा उघड्या तारा ठेवून ए मायनर, तर आतले सूर सुटे ऐकूच येत नाहीत, सगळं एकात एक. पाम म्यूटला, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवताना, खालच्या दोन तारा ढब्ब ढब्ब करतात, पिकचा टक असा आवाज यायला हवा तो येतच नाही. ॲम्पवर ट्रेबल वाढवला तर कर्कश होतं, साफ काही होत नाही. तारा नव्या आहेत, ते करून झालंय.

आता पिकअप बदलायचं ठरवलंय, एकच, ब्रिजचा. जो तो सांगतो की गिटारसोबत येणारा पिकअप कमजोर असतो, दणदणीत आउटपुटचा टाक म्हणजे आवाज मोकळा होईल. म्हणून 15-16 के (किलोओहम) रेझिस्टन्सचा, सिरॅमिक मॅग्नेटवाला बघतोय. वाजवतो मी हार्ड रॉक, थोडं मेटल, पण बँडमधली निम्मी गाणी क्रंचवर (थोड्याशाच फाटलेल्या आवाजावर) असतात आणि तिथे गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज साफ व्हायला हवा. के जितके जास्त तितका जोर जास्त, हे बरोबर ना? आणि अल्निको 2, अल्निको 5, सिरॅमिक या मॅग्नेटांत ऐकायला नेमका काय फरक पडतो? जरा नीट सांगा कोणीतरी.

तांब्याची_तार

ऑर्डर करायच्या आधी थांब जरा. तू जी लक्षणं सांगतोयस त्याला जास्त आउटपुटचा उपाय केलास तर दुखणं वाढेल, कमी नाही होणार.

के म्हणजे फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स. तार किती लांब आणि किती बारीक एवढंच तो आकडा सांगतो, जोर नाही सांगत. जुन्या धाटणीच्या पिकअपमधे 42 गेजची तार असते, तिच्या जागी अजून बारीक 43 गेजची घेतली तर वेढे तेवढेच ठेवून रेझिस्टन्स साधारण पावपट वाढतो आणि आउटपुट आहे तिथेच. सेमोर डंकनचा जेबी 16 के च्या पुढे मोजतो, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन 14 च्या आत, पण ज्याने दोन्ही वाजवलेत तो सुपर डिस्टॉर्शनला कमजोर म्हणणार नाही. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर हलतो, दर अंशाला 0.4 टक्के धर, म्हणजे एका खोलीत 8 के दाखवणारा पिकअप दहा अंश जास्त उकाड्यात 8.3 दाखवेल, पिकअप तोच आणि आवाजही तोच.

बघायचा तो इंडक्टन्स, म्हणजे कॉइल बदलत्या करंटला किती अडवते ते. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, आणि पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एका ठिकाणी आवाजाला उठाव येतो, त्याच्या वरचं मग भराभर गळत जातं. हिशोबच करून दाखवतो. 6 मीटर केबल म्हणजे साधारण 600 पिकोफॅरड, पिकअपचे स्वतःचे 100 धर, झाले 700. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल 2.4 हेन्रीच्या आसपास असतो, त्याचा उठाव येतो 3.9 किलोहर्ट्झला. जुन्या पीएएफ (पेटंट अप्लाइड फॉर) धाटणीचा हमबकर साडेचार हेन्री धरला तर 2.8 ला. आणि 8 हेन्रीचा हाय आउटपुट हमबकर थेट 2.1 ला. तुला जो पिकचा टक हवाय, तारांचा सुटेपणा हवाय, तो नेमका या पट्ट्यात आणि त्याच्या वर असतो, तो तू पैसे देऊन घालवणार आणि वर ॲम्पची पहिली स्टेज अजून लवकर दबणार.

आधी दोन गोष्टी मोजून इथे टाक. केबल गिटारला लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच ब्रिजवर, मल्टिमीटर 20 के रेंजला आणि केबलच्या मोकळ्या टोकाला टिप आणि स्लीव्हवर (प्लगचं टोक आणि दांडा) दोन्ही प्रोब. काहीही उघडावं लागत नाही. दुसरं म्हणजे पिकगार्ड उचलून व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर, 250 के छापलंय की 500 ते बघ.

गेनचं_वेड

तांब्याची_तार यांचं आकड्यांचं सगळं मान्य, पण सिरॅमिक म्हणजे गिचमिड असं कोणी डोक्यात घेऊन जाऊ नका. मी वर्षानुवर्षं ड्रॉप ट्यूनिंगला (जाड तार खाली उतरवून) सिरॅमिकच वाजवतोय आणि खालच्या तारा सगळ्यात आवळून येतात त्या त्यावरच. गिचमिड होते ती कॉइलवर भरमसाट वेढे मारल्याने, मॅग्नेटने नाही.

मॅग्नेटचा फरक समजून घ्यायचा तर डंकनचे तीन पिकअप बघ: कस्टम, कस्टम कस्टम आणि कस्टम 5. तिघांची कॉइल एकाच घराण्यातली, रेझिस्टन्स तिघांचा 14 के च्या आसपास. कस्टमला सिरॅमिक, कस्टम कस्टमला अल्निको 2, कस्टम 5 ला अल्निको 5. सिरॅमिकवाल्याचा बास घट्ट, अटॅक लगेच अंगावर येतो, वरची धार जास्त. अल्निको 2 वाला मधल्या पट्टीत गोल, लीडला वरच्या तारा जाड लागतात पण पाम म्यूट थोडा सैल. अल्निको 5 वाल्यात मिड थोडा मागे आणि बास-ट्रेबल पुढे. के चा आकडा जवळपास एकच आणि तीन वेगळे स्वभाव, यावरूनच कळतं की आकड्यावर पिकअप निवडणं किती धोक्याचं आहे.

आणि अजून एक, पुढे कधी कॉइल स्प्लिट करायचा, म्हणजे हमबकरची एकच कॉइल वाजवायचा, विचार असेल तर हेही लक्षात घे. 8 के चा हमबकर स्प्लिट केला की 4 के ची एक कॉइल उरते, तुझ्या सिंगल कॉइलपुढे ती बारीक आणि किडकिडीत लागणार. 14-15 वाला स्प्लिट केला तर 7 उरतात, ते कामाचं असतं. त्यामुळे हाय आउटपुटला सरसकट नाही म्हणू नका.

सोल्डरचा_वास

पिकअपची उंची कोणी विचारलीच नाही अजून. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर आणि पोलच्या (पिकअपवरच्या धातूच्या खुंटीच्या) डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोज. हमबकर बऱ्याच गिटारींवर कारखान्यातूनच तारेला चिकटवल्यासारखा वर आणलेला असतो कारण दुकानात पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला मोठा आवाज ऐकू येतो. बासच्या बाजूला 3 मिमी आणि ट्रेबलच्या बाजूला 2 पासून सुरुवात कर आणि तिथून कानाने अर्धा अर्धा फेरा फिरवत जा. नुसता बासचा स्क्रू दोन फेरे खाली घेतल्याने ढब्ब ढब्ब निम्मं जातं हे मी किती गिटारींवर बघितलंय सांगता येत नाही.

आणि ॲम्पच्या आधी जर ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल असेल, ड्राइव्ह शून्य, लेव्हल वर, असा लावून बघ. तो साधारण 720 हर्ट्झच्या खालचं हळूहळू क्लिप होण्याआधीच, म्हणजे आवाज फाटण्याआधीच, कमी करतो. डिस्टॉर्शनच्या आधी बास छाटला की आवाज आवळतो, नंतर छाटला तर नुसता पातळ होतो. पेडलने जर तुझा प्रश्न सुटत असेल तर दुखणं कुठे आहे ते कळलं, म्हणजे पिकअप निवडताना खालच्या बाजूला हलका असलेला निवडायचा.

खालची_ई

वा, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता रिपोर्ट.

केबलच्या टोकाला मीटरने 14.9 दाखवलं. पॉटवर ए250के छापलंय, टोनवरही तेच. उंची बासला दीड मिमी पण भरत नव्हती. सांगितल्याप्रमाणे 3 आणि 2 केली, पाम म्यूट खरंच सुधारले, कॉर्ड थोडे उघडले पण अजून वरून एक चादर टाकल्यासारखं वाटतं. म्हणजे पिकअप कमजोर नाहीच का मुळात? मग चादर कसली आहे?

तांब्याची_तार

नाही, कमजोर नाहीच. उलट 14.9 हे व्हॉल्यूम पॉट समांतर धरून आलेलं रीडिंग आहे, 250 के बाजूला काढला तर पिकअप एकटा 15.8 च्या आसपास निघतो. म्हणजे तू जो विकत घ्यायला निघाला होतास तो तुझ्याकडे आधीच बसलेला आहे.

चादरीचं कारण 250 चा पॉट. सिंगल कॉइलचा उठाव वर असतो आणि टोकदार असतो म्हणून तिथे 250 चा पॉट लावून त्याची धार जरा मारतात, कानाला गोड लागतं. हमबकरचा उठाव आधीच खाली, त्यावर परत 250 चा भार टाकला की तो उठाव सपाट होतो, म्हणून हमबकरला 500 लावायची पद्धत. एचएसएस गिटारीत दोघं एकाच पॉटवर येतात, मग बनवणारा कुणातरी एकाच्या बाजूने जातो. तुझ्यात तो सिंगल कॉइलच्या बाजूने गेलाय, म्हणूनच तुला नेक-मिडल एवढे आवडतात.

पॉट बदलायच्या आधी कानाने खात्री कर. हमबकरची हॉट (सिग्नलची) वायर स्विचवरून सोडव आणि मगरक्लिपच्या वायरने थेट जॅकच्या टिपला जोड, अर्थची (जमिनीची) वायर आहे तशीच राहू दे. मधे पॉट नाही, काही नाही. जेवढा उजळ हा पिकअप तुझ्या गिटारीत होऊ शकतो तेवढा आता ऐकू येईल. त्याच वेळी केबल 3 मीटरची लावून बघ. वरचाच हिशोब परत केला तर साडेचार हेन्रीच्या पिकअपचा उठाव 2.8 वरून 3.7 च्या पुढे जातो, नुसती केबल अर्धी करून. लोक पिकअप बदलत बसतात आणि केबलकडे ढुंकून बघत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

खालची_ई

केलं. जमीन-अस्मानाचा फरक! थेट जॅकला जोडल्यावर चादर गेली, पिक तारेला लागतो तो आवाज पहिल्यांदा आला. छोट्या केबलने अजून थोडं. पण आता दुसरं लक्षात येतंय, क्रंचला हात हलका केला तरी आवाज साफ होत नाही, सतत दाबून धरल्यासारखा, आणि नेकवर स्विच केला की आवाज एकदम खाली पडतो. म्हणजे पॉट तर बदलतोच पण पिकअपही बदलावा असं वाटतंय, फक्त आता उलट दिशेने. बरोबर चाललोय ना? आणि 500 लावला तर माझे लाडके सिंगल कॉइल टोचायला लागतील का?

सोल्डरचा_वास

अगदी बरोबर चाललायस. शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. व्हॉल्यूमला 500 लाव, आणि स्विचच्या ज्या टॅबवर नेकची हॉट वायर येते तिथून अर्थला एक 470 के चा रेझिस्टर जोड, मिडलच्या टॅबवर दुसरा. 500 आणि 470 समांतर आले की 242 होतात, म्हणजे सिंगल कॉइलला वाटतं आपण 250 वरच आहोत. ब्रिजवर गेलास की ते रेझिस्टर सर्किटबाहेर, हमबकरला पूर्ण 500 मिळतात. नेक-मिडल एकत्र असलेल्या पोझिशनला दोन्ही रेझिस्टर येतात तेव्हा किंचित अजून मऊ लागेल, मला ते तिथे आवडतं, तुला नाही आवडलं तर मिडलचा काढून टाक. पॉट घेताना मीटरने मोजून घे, 20 टक्के इकडेतिकडे सर्रास असतात, 500 छापलेला 410 निघू शकतो. व्हॉल्यूमला ए टेपरच (ऑडिओ टेपर) घे.

पिकअपचं म्हणशील तर तुझं वर्णन ऐकून मी 8 ते 9 के च्या घरातला, 42 गेज, अल्निको 5 असा पीएएफ धाटणीचा सांगेन. गिब्सनमधे सेथ लव्हरने 1955 मधे पेटंटचा अर्ज केला आणि 1957 पासून ज्या हमबकरखाली पेटंट अप्लाइड फॉर असं लेबल लागायला लागलं, ती ही धाटणी. पुढे सगळा हार्ड रॉक याच्यावरच उभा राहिला, गेन ॲम्पने द्यायचा आणि पिकअपने तारांचा सुटेपणा राखायचा. डंकनचा 59 किंवा डिमार्झिओचा पीएएफ 36 वा ॲनिव्हर्सरी, दोन्हीचे ब्रिज मॉडेल बघ. तुझ्या सिंगल कॉइलशी आवाजाची पातळीही जुळेल.

विकत घेताना एक माप मात्र चुकवू नकोस. पिकअपवरून जाताना पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यरेषा एकमेकींपासून किती लांब आहेत ते पट्टीने मोज. 52 मिमीच्या आसपास असेल, ट्रेमोलो ब्रिजवर बहुतेक असतंच, तर रुंद स्पेसिंगचा घे, डंकन त्याला ट्रेमबकर म्हणतो, डिमार्झिओ एफ-स्पेस्ड. 50 च्या आत असेल तर साधा. आणि वायर चारवाली माग, एक वायर आणि जाळीवाला घेऊ नकोस, का ते जोडताना कळेल.

गेनचं_वेड

मी अजूनही म्हणेन की मेटल जास्त असेल तर मधला मार्ग घे, कस्टम 5 सारखा. पण निम्मी गाणी क्रंचवर आणि व्हॉल्यूमच्या नॉबने साफ करायचंय म्हणतोयस, मग 59 च. त्या कामाला हाय आउटपुटवाला कधी नीट उतरत नाही, हे मी सिरॅमिकवाला असूनही कबूल करतो. फक्त वॅक्स पॉटिंग केलेला, म्हणजे कॉइल मेणात बुडवून घट्ट केलेला, आहे ना ते बघून घे. गेनवर उभा राहिलास आणि कॉइलची तार आत सैल असली तर किंचाळतो, अस्सल जुन्या धाटणीच्या नावाखाली काही मॉडेल मुद्दाम बिनवॅक्सची विकतात.

रियाज_रोजचा

मधेच विचारतो, माझी पण एचएसएस आहे आणि सिंगल कॉइलवर घरघर फार येते, पॉट बदलताना आतून तांब्याची पट्टी लावून घेतली तर जाईल का?

तांब्याची_तार

अर्धी जाईल. डिमर, ट्यूबलाइट यांची जी चरचर असते ती शील्डिंगने कमी होते, पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले आणि अर्थला असले पाहिजेत. पण विजेची 50-60 हर्ट्झची खोल घरघर चुंबकीय असते, ती पट्टीला जुमानत नाही. त्यासाठी मिडल उलट वेढ्याचा आणि उलट ध्रुवाचा असला तर दोन कॉइल एकत्र वाजवताना ती जाते, एकट्या सिंगल कॉइलवर राहतेच.

खालची_ई

माप 52.5 आलं. चार वायरचा 59, ट्रेमबकर, मागवला आणि आज हातात पडला. 500 चा पॉट पण आणलाय, मोजून 512 निघाला. आता वायरींचे रंग सांगा, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिंगल कॉइलसोबत जुळेल ना हा? ब्रिज-मिडल एकत्र पोझिशन मी खूप वापरतो.

सोल्डरचा_वास

डंकनचे रंग: काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकांना जोडून टेप मार, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओची आकृती नजरेसमोर ठेवून जोडू नकोस, तिथे लाल हॉट असते आणि काळी-पांढरी जोडतात, रंग तेच पण काम वेगळं.

जुळतो का ते सोल्डर करायच्या आधीच कळतं. मीटर 20 के वर, लाल प्रोब मिडलच्या हॉटला, काळा त्याच्या अर्थला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर पोलवर टेकव आणि झटकन उचल. उचलताना आकडा वर उडी मारतो की खाली ते बघ. आता तसंच नव्या हमबकरवर कर, काळी वायर हॉट धरून, स्क्रूच्या रांगेवर. दोघांची उडी एकाच दिशेला असेल तर झालं, जोडून टाक. उलट असेल तर ब्रिज-मिडल एकत्र वाजवताना आवाज पातळ, नाकातला येईल, सगळा बास गायब. तेव्हा हमबकरची हिरवी हॉट कर आणि काळी अर्थला, उघडी तार मात्र अर्थलाच राहू दे. म्हणून चार वायर मागायला सांगितलं होतं, जाळीवाल्यात हे करता येत नाही.

पॉटच्या पाठीला सोल्डर बसत नसेल तर पाठ पॉलिशपेपरने थोडी घास, सोल्डरची इस्त्री 40 वॅटची तरी घे, टोक रुंद. गार इस्त्री धरून ठेवलीस तर पॉट आतून जळतो, गरम इस्त्रीने दोन-तीन सेकंदांत काम होतं. आणि पिकअप बसवल्यावर उंची परत पहिल्यापासून लाव, जुन्या पिकअपची उंची याला चालणार नाही, याचा जोर कमी आहे, ट्रेबलच्या बाजूला दीड मिमीपर्यंत वर आणलास तरी चालेल.